दुआही हवी, दवाही हवी

रमजानचा चंद्र दिसायच्या आधीच्या आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. रुग्ण स्वतः तो क्वचितच विचारतो. सोबत आलेली आई विचारते, बायको विचारते, कधी थोरला भाऊ: ‘‘डॉक्टर, यांच्या दुपारच्या गोळीचं काय करायचं?’’ पहाटे सहरी, सूर्यास्ताला इफ्तार आणि मधला सगळा दिवस पाण्याच्या घोटाशिवाय. दिवसातून तीन वेळा घ्यायची गोळी या वेळापत्रकात बसवायची कशी?

हा प्रश्न विचारणाऱ्या घरांची काळजी कमी. डॉक्टर गोळ्यांच्या वेळा बदलून देतात किंवा या रुग्णाने रोजा धरू नये असे स्पष्ट सांगतात. काळजी असते ती न विचारणाऱ्यांची. पवित्र महिना आहे, घरात कुरआनचे पठण चालू आहे, मन थोडे शांतही वाटते आहे, मग गोळीची गरजच काय, असे म्हणून गोळ्यांचे पाकीट कपाटात जाते. काहींना दोन आठवडे बरे जातात. नंतर झोप उडते, चिडचिड वाढते, संशय परत येतो, आणि ईदच्या दिवशी शिरखुर्म्याऐवजी घरात धावपळ होते.

अशा घरात दोष कुणाला द्यायचा? श्रद्धेला दिला तर अन्याय होईल, कारण हा रुग्ण वर्षभर ज्या बळावर उभा राहिला त्यात श्रद्धेचाही वाटा आहे. औषधाला दिला तर तोही अन्यायच, कारण ते बंद केल्यामुळेच आजार उलटला. घोटाळा होतो तो दोघांची गाठच न पडल्यामुळे. डॉक्टरने कधी नमाज-रोजाबद्दल विचारले नाही आणि मशिदीतल्या इमामसाहेबांना कधी कुणी गोळ्यांबद्दल सांगितले नाही. अध्यात्म आणि मानसोपचार यांना एकत्र आणण्याची चर्चा आज जगभर चालू आहे. तिची खरी गरज इथे, या घरात आहे.

जुनी ओळख, मधला दुरावा

मन आजारी पडते, त्यावर इलाज असतो आणि तो करताना माणसाची श्रद्धा बाजूला ठेवावी लागत नाही, ही समज अकराशे वर्षांपूर्वीही होती. आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख शहराच्या परिसरात नवव्या शतकात अबू जैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले. भूगोल, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र असे त्यांचे अनेक विषय. त्यांच्या ‘मसालिह अल-अबदान वल-अन्फुस’ या अरबी ग्रंथाचे दोन भाग आहेत, एक शरीराच्या आरोग्याचा आणि दुसरा मनाच्या. वैद्यांनी केवळ शरीराकडे पाहिले तर उपचार अपुरा राहतो, अशी त्यांची तक्रार होती.

बल्खींनी मनाच्या त्रासाचे प्रकार वेगळे केले: राग, भीती, उदासी आणि मनात पुन्हा पुन्हा घुसणारे विचार. या शेवटच्या प्रकाराला उर्दू-अरबीत ‘वसवसा’ म्हणतात. उदासीचेही त्यांनी दोन प्रकार सांगितले. एकीचे कारण ठाऊक असते, म्हणजे जवळचे माणूस गेले किंवा नुकसान झाले. दुसरीचे कारण सापडत नाही, ती शरीरातून उगवते आणि तिच्यावर शरीराचाही इलाज करावा लागतो. घरात जशी औषधे आधीच आणून ठेवतात तसे चांगले विचार शांत असताना साठवून ठेवावेत, म्हणजे वादळ आले की हाताशी असतात, असा त्यांचा सल्ला होता. आजचे समुपदेशक विचारांना विचारांनी उत्तर देण्याचे जे तंत्र शिकवतात त्याच्याशी हे किती जवळचे आहे, हे सुदानी मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी जगासमोर आणले. या ग्रंथातील मनाविषयीच्या भागाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. याच बद्रींनी १९७९ साली मुस्लिम मानसशास्त्रज्ञांना विचारले होते की, पाश्चात्त्य सिद्धान्त जसेच्या तसे उचलून तुम्ही आपल्या रुग्णाला काय सांगणार आहात?

त्या काळी विचारांबरोबर वास्तूही उभ्या राहिल्या. दमास्कसमध्ये ११५४ साली, कैरोमध्ये १२८४ साली मोठे ‘बिमारिस्तान’ म्हणजे इस्पितळे बांधली गेली आणि त्यांत मनोरुग्णांसाठी वेगळी जागा होती. तुर्कस्तानातील एदिर्ने शहरात सुलतान बायजीद दुसरा याने १४८८ साली मशीद, मदरसा आणि इस्पितळ असा एकच संकुल उभारला. प्रवासी एव्हलिया चलेबी याने सतराव्या शतकात लिहून ठेवले आहे की, तिथे गायक-वादकांचा ताफा आठवड्यातून तीन दिवस रुग्णांसाठी संगीत सादर करीत असे. बागेतली फुले, कारंज्याचे पाणी, वैद्याचे काढे आणि शेजारच्या मशिदीतली अजान, सारे एका आवारात. खर्च वक्फच्या उत्पन्नातून भागे. आज तिथे संग्रहालय आहे.

युरोपात आधुनिक मानसोपचार उभा राहिला तेव्हा धर्माशी त्याचे फारसे पटले नाही. फ्रॉइडने धर्माला भ्रम मानले आणि १९२७ साली तशा नावाचे पुस्तकच लिहिले. पुढची अनेक वर्षे मनोविकारशास्त्राच्या वर्गात श्रद्धा हा विषय आला तर तो बहुधा लक्षण म्हणून आला. धार्मिक घरांनीही याचा बदला घेतला. मनाचा डॉक्टर म्हणजे देवाला न मानणारा माणूस, तो आपल्या मुलाला बिघडवील, अशी भीती मोहल्ल्यात होती तशी वाड्यातही होती.

आता हवा बदलली आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात १९९४ साली धार्मिक किंवा आध्यात्मिक अडचण हा आजारापासून वेगळा प्रकार नोंदवला गेला. मनोविकारतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने २०१५ साली भूमिका घेतली की, रुग्णाचा पूर्वेतिहास विचारताना त्याच्या श्रद्धेचीही विचारपूस व्हावी. डॉक्टरने आपली श्रद्धा किंवा अश्रद्धा रुग्णावर लादू नये, हेही त्याच निवेदनात आहे.

एरवाडी ते उनावा

भारतात या विषयाला एक जळालेली तारीख आहे. ६ ऑगस्ट २००१. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी इथे प्रसिद्ध दर्गा आहे. सर्व धर्मांचे लोक तिथे मनोरुग्ण नातेवाइकांना घेऊन जात आणि दर्ग्याच्या आसपासच्या खासगी निवासांत ठेवून परतत. त्यातल्या एका निवासाला पहाटे आग लागली. बहुतेक रुग्ण साखळदंडाने बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण गेले.

सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. मनोरुग्णाला साखळीने बांधणे बेकायदा आहे आणि त्याला मंदिर किंवा दर्ग्यात न नेता डॉक्टरकडे न्यावे, असे लोकांना समजावून सांगण्यासाठी मोहीम घ्या, असा आदेश २००२ साली सरकारांना देण्यात आला. आदेश योग्यच होता. पण त्याची अंमलबजावणी करायला निघालेल्यांसमोर एक अडचण होती: लोक डॉक्टरकडे जात नव्हते. ‘बाहेरचं आहे’, ‘करणी केलीय’, ‘असर झालाय’ अशी ज्यांची खात्री असते ते डॉक्टरचे दार ठोठावत नाहीत. कुणी गाणगापूरला जाते, कुणी राजस्थानात मेहंदीपूरच्या बालाजीला, कुणी दर्ग्यात. धर्म बदलतो, वाट बदलत नाही.

गुजरातने मग वाट उलटी केली. मेहसाणा जिल्ह्यात उंझ्याजवळ उनावा गावी सय्यद अली मीरा दातार यांचा दर्गा आहे. ‘आसेब’ म्हणजे बाधा उतरवण्यासाठी तिथे गुजरातबरोबरच राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातूनही माणसे येतात. त्यांत हिंदूंची संख्याही मोठी असते. रुग्ण डॉक्टरकडे येत नसेल तर डॉक्टरने दर्ग्यात जाऊन बसावे, असे अहमदाबादच्या सरकारी मनोरुग्णालयाने आणि ‘आल्ट्रुइस्ट’ या संस्थेने ठरवले. २००८ साली सुरू झालेल्या या उपक्रमाचे नावच ‘दवा-दुआ’.

सुरुवातीला दर्ग्याचे मुजावर तयार नव्हते. ते स्वाभाविक होते. पिढ्यान्पिढ्या जे काम त्यांच्या घराण्याकडे होते त्यात पॅन्ट-शर्टातला कुणी वाटेकरी येत होता. संस्थेने वाद घातला नाही, बैठका घेतल्या. दुआ तुमचीच राहील, ती आम्ही थांबवणार नाही, फक्त अमुक लक्षणे दिसली तर त्या माणसाला आमच्या खोलीपर्यंत पाठवा, एवढेच मागणे. मग मुजावरांना लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण मिळाले: कानात आवाज येणे, दिवसेंदिवस झोप नसणे, जीव नकोसा होणे, फिट येणे. दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसू लागले आणि औषधे मोफत मिळू लागली. ज्याच्या शब्दावर कुटुंबाचा भरवसा होता तोच माणूस आता सांगू लागला की दुआ झाली, आता ही दवा घ्या. साखळ्या गेल्या. पुढे एरवाडीच्या दर्ग्यातही याच धर्तीवर उपचार सुरू झाले.

या प्रयोगात श्रद्धेला औषध म्हटलेले नाही आणि अंधश्रद्धाही म्हटलेले नाही. तिला दार मानले आहे. माणूस ज्या दारातून आत येतो तिथेच डॉक्टरची खुर्ची ठेवली, एवढाच बदल.

निव्वळ श्रद्धास्थानी राहिल्याने काही होते का, हेही एकदा तपासले गेले आहे. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मधील डॉक्टरांनी तमिळनाडूतल्या एका खेड्यातील मुथुस्वामी मंदिरात राहिलेल्या ३१ रुग्णांची पाहणी केली आणि २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ती छापून आली. रुग्ण सरासरी सहा आठवडे, सोबत घरचे एक माणूस, असे तिथे राहिले होते. मारहाण नाही, साखळी नाही, औषधही नाही. मंदिराची झाडलोट, झाडांना पाणी, सकाळची पूजा, बस्स. त्यांच्या लक्षणांची तीव्रता सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली होती. संख्या लहान आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा यावरून गोळ्या टाकून देण्याचा निष्कर्ष काढता येत नाही. पण निर्भय जागा, हाताला काम आणि शेजारी आपले माणूस यांचे मोल त्यातून दिसते.

वुजू पुन्हा पुन्हा

श्रद्धा आणि उपचार एकत्र येतात म्हणजे प्रत्यक्षात खोलीत काय होते? वसवशाचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे.

नमाजाआधी हात, तोंड, पाय धुण्याला वुजू म्हणतात. निरोगी माणसाला त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या रुग्णाला तास लागू शकतो. कोपर कोरडे राहिले का? नियत नीट केली का? मधेच वुजू तुटला तर नाही? पुन्हा पहिल्यापासून. नमाज उभी राहते, रकात मोजण्यात चूक झाली असे वाटते, पुन्हा पहिल्यापासून. घरचे आधी कौतुकाने म्हणतात, किती दीनदार मुलगा आहे. कातडी सोलवटते तेव्हा लक्षात येते की ही भक्ती नव्हे. सोवळ्याओवळ्यापायी दिवसातून पंधरा वेळा आंघोळ करणारी, देवघरातील भांडी घासून हात फोडून घेणारी बाई हीच व्यथा भोगत असते. आजार ज्याच्या घरात शिरतो त्याच्याच घरचे कपडे घालतो.

या आजारावरची मान्य पद्धत अशी: हात एकदा धुवायचे, शंका आली तरी पुन्हा धुवायचे नाहीत, अस्वस्थता सहन करायची आणि ती हळूहळू ओसरते हे अनुभवायचे. डॉक्टरने असे सांगितले की धार्मिक रुग्ण घाबरतो. माझी नमाज बाद झाली तर जबाबदार कोण? इथे इस्लामी कायदाशास्त्र स्वतः मदतीला येते. खात्री शंकेने मोडत नाही, हे फिकहचे म्हणजे धर्मशास्त्राचे एक मूळ तत्त्व आहे. वुजू केला हे पक्के आणि तुटला ही केवळ शंका असेल, तर वुजू कायम. शंकेकडे दुर्लक्ष करून पुढे जाणे हेच धर्माचे सांगणे. समजूतदार उपचारक हे तत्त्व जाणणाऱ्या आलिमची मदत घेतो. आलिमने मात्र हे एकदाच सांगायचे असते. रुग्ण रोज फोन करून ‘माझी नमाज झाली ना?’ असे विचारू लागला आणि आलिम रोज धीर देत राहिला, तर तो धीरही धुण्यासारखाच आजाराचा भाग बनतो. म्हणून आलिम आणि डॉक्टर दोघांचे बोलणे आधी झालेले असावे लागते.

दुसरे उदाहरण नैराश्याचे. तीव्र नैराश्यात माणसाला वाटते की आपण महापापी आहोत, खुदाने आपल्याकडे पाठ फिरवली आहे, तौबा कबूल होणार नाही. अशा माणसाला ‘ईमान कमजोर आहे, जास्त इबादत कर’ असे म्हणणे म्हणजे मोडलेल्या पायाच्या माणसाला धाव म्हणण्यासारखे आहे. अपराधीपणाची ही भावना आजाराचे लक्षण असते. इथेही परंपरेतच उत्तर आहे. पत्नी हजरत खदीजा आणि पाठीराखे काका अबू तालिब एकाच वर्षी गेले, त्या वर्षाला इस्लामी इतिहासात दुःखाचे वर्ष असेच नाव आहे. लहानगा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा पैगंबरांच्या डोळ्यांतून पाणी आले. पुत्रवियोगाने रडून हजरत याकूब यांची दृष्टी गेल्याची कथा कुरआनात आहे. ज्यांच्या श्रद्धेबद्दल शंका घेता येत नाही तेही दुःखाने वाकले होते, हे कळले की रुग्णाच्या छातीवरचा एक धोंडा उतरतो. शोकग्रस्ताला जवाच्या पिठाची पातळ पेज, ‘तलबीना’, द्यावी अशी जुनी शिकवण आहे. दुःख हे शरीरालाही पोखरते, ही जाण त्यात आहे.

ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठात गजाला मीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यावरची एक प्रचलित पद्धत मुस्लिम रुग्णांसाठी बेतली. मूळ पद्धत साधी आहे: मन उठण्याची वाट न पाहता छोटी, अर्थपूर्ण कामे ठरवून करायची, मन मागून येते. श्रद्धा आपल्यासाठी महत्त्वाची आहे असे ज्या रुग्णांनी सांगितले त्यांना एक पुस्तिका देण्यात आली आणि या कामांच्या यादीत नमाज, जिक्र, कुणाला मदत करणे हेही बसवण्यात आले. ज्यांना ते नको होते त्यांच्यासाठी नेहमीची पद्धत. निवड रुग्णाची. उपचारक मुस्लिमच हवा, अशी अटही नव्हती. मराठी मुलखातल्या गावात जिथे डॉक्टर एका धर्माचा आणि रुग्ण दुसऱ्या, तिथे ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. ‘कठीण काळात तुम्हाला कशाचा आधार वाटतो?’ हा प्रश्न विचारायला स्वधर्मीय असावे लागत नाही. उत्तर नमाज असेल, हरिपाठ असेल, विपश्यना असेल किंवा नातवाचे हसणेही असेल.

महाराष्ट्राच्या मातीतले धडे

या राज्याला हे सारे अगदीच नवे नाही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात श्रद्धा आणि उपचार फार पूर्वीच एका सतरंजीवर बसले. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’च्या बारा पायऱ्यांत आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीचा आधार घेण्याची पायरी आहे, आणि ती शक्ती कोणती हे ज्याचे त्याने ठरवायचे. तिच्या बैठका आज महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत मराठीतून होतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये डॉक्टरी उपचार, समुपदेशन आणि गटातल्या मोकळ्या गप्पांबरोबर योग-ध्यानालाही जागा मिळाली. सर्व जातिधर्मांचे रुग्ण तिथे एका पंगतीत बसतात.

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेचे मोठे केंद्र आहे. याच बौद्ध ध्यानपरंपरेच्या मुळांतून अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली तणावनिवारणाचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बेतला आणि पुढे त्यावरून नैराश्य उलटू नये यासाठीची उपचारपद्धती तयार झाली. पण इगतपुरीच्या अर्जातच मनाच्या आजारांची चौकशी असते आणि गंभीर मनोविकार असलेल्यांनी दहा दिवसांच्या शिबिराला येऊ नये असे सुचवले जाते. ध्यान सगळ्यांना सगळ्या वेळी झेपत नाही, हे ध्यान शिकवणारेच सांगतात. रोजाचेही तसेच आहे.

दुसरा धडा कायद्याचा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, मारणे, चटके देणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी आयुष्यभर झटले तो हा कायदा त्यांच्या हत्येनंतर २०१३ साली झाला. २०१७ च्या केंद्रीय मानसिक आरोग्य कायद्यानेही साखळीला बंदी केली आहे. म्हणून रेघ स्पष्ट ओढता येते. शेजारी बसून फातिहा वाचणे, पाणी दम करून देणे, अंगारा लावणे, डोक्यावरून हात फिरवणे, याने कुणाचा जीव जात नाही. मारणे, उपाशी ठेवणे, हजारो रुपये उकळणे आणि मुख्य म्हणजे ‘डॉक्टरकडे नेलंत तर इलाज चालणार नाही’ असे सांगणे, हे धर्माचे काम नाही. बाबा असो, आमिल असो की देवऋषी, कसोटी एकच: तो डॉक्टरचे दार उघडतो की बंद करतो?

डॉक्टरलाही कसोटी आहेच. रुग्णाने श्रद्धेचा शब्द काढताच तोंड वाकडे करणारा डॉक्टर दुसऱ्या भेटीला रुग्ण गमावतो, आणि तो रुग्ण थेट त्या आमिलच्या दारात जातो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, वेगवेगळ्या मनोविकारांत उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आहे. इतक्या मोठ्या संख्येला एकट्या दवाखान्याच्या दारातून आत आणणे शक्य नाही.

या महिन्यात काय करावे?

आता पुन्हा त्या दुपारच्या गोळीकडे. या बाबतीत कुरआनची भूमिका नेमकी आहे. सूरह बकरामध्ये जिथे रोजाचा आदेश आहे तिथेच, लागून, आजारी आणि प्रवासी माणसाला सवलत आहे: राहिलेले रोजे त्याने नंतरच्या दिवसांत पूर्ण करावेत. ज्याला रोजा कधीच झेपणार नाही त्याच्यासाठी गरिबाला जेवण देण्याचा, म्हणजे ‘फिदया’चा मार्ग आहे. आजार म्हणताना शरीराचा वेगळा आणि मनाचा वेगळा असा भेद तिथे केलेला नाही. मधुमेही चाचांनी रोजा सोडला तर मोहल्ला समजून घेतो. स्किझोफ्रेनियाची गोळी घेणाऱ्या तरुणाने सोडला तर मात्र ‘हट्टाकट्टा आहे, नाटक करतो’ असे ऐकावे लागते. बदलायचे आहे ते हे.

वैद्यकीय बाजूही समजून घेण्यासारखी आहे. लिथियमसारखे औषध घेणाऱ्याच्या शरीरात पाणी कमी झाले तर रक्तातली त्याची पातळी वाढून धोका होऊ शकतो. द्विध्रुवी विकारात, ज्यात मन कधी उधाणते तर कधी खचते, झोपेचे गणित फार महत्त्वाचे असते. रात्री तरावीहची लांब नमाज, पहाटे सहरीसाठी जाग, अशाने झोप तुटली की आजार उसळू शकतो. मोरोक्कोतील कासाब्लांका इथे १९९० च्या दशकात झालेल्या एका अभ्यासात अशा २० रुग्णांपैकी निम्म्याच्या जवळपास रमजानच्या काळात पुन्हा आजारी पडले होते. पाकिस्तानातल्या नंतरच्या अभ्यासात मात्र देखरेखीखाली रोजे धरणाऱ्या रुग्णांच्या लिथियमच्या पातळीत चिंताजनक फरक दिसला नाही. म्हणून सगळ्यांसाठी एक उत्तर नाही. कुणाची दोन वेळची गोळी सहरी-इफ्तारला बसते, कुणाची एकदाच घ्यायची रात्रीला. कुणी रोजा धरूच नये. हे मोहल्ल्याने, युट्यूबवरच्या व्याख्यात्याने किंवा व्हॉट्सॲपने ठरवायचे नसते. ज्याने गोळी दिली त्या डॉक्टरने ठरवायचे, आणि ते शक्यतो महिना सुरू होण्याआधी. सुरू झाला असेल तर आज.

बाकीचे काम घराचे आणि मशिदीचे. ज्याला रोजा मनाई आहे त्याच्याही वाट्याला रमजान यावा. इफ्तारच्या दस्तरखानवर त्याची जागा असावी, खजूर त्याच्याही हातात द्यावी, ‘तुझा रोजा आहे का?’ हा प्रश्न चारचौघांत विचारू नये. फिदयाचे जेवण गरिबाकडे पोहोचवायला त्यालाच पाठवता येईल. ज्याला महिनाभर आपण निरुपयोगी वाटत होतो त्याच्यासाठी ते एक कामही आहे आणि इबादतही. इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात पाच मिनिटे या विषयाला दिली, मनाच्या गोळ्या घेणे हा तवक्कुल म्हणजे ईश्वरावरील भरवसा सोडणे नव्हे एवढे जरी म्हटले, तरी कपाटात गेलेली किती तरी पाकिटे परत बाहेर येतील. उंट आधी बांध आणि मग भरवसा ठेव, ही पैगंबरांची शिकवण प्रत्येक मदरशात मुलांना सांगितली जाते. इथे उंट बांधणे म्हणजे गोळी घेणे.

जवळ मनोविकारतज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. सहरीनंतर झोप लागत नसेल, जीव घाबरत असेल, नको ते विचार येत असतील, तर फजरच्या नमाजनंतर दुआला हात उठवावेत आणि मग त्याच हातांनी हा क्रमांक लावावा.